विकास आराखड्यात आपला मोहल्ला कुठे आहे?

गेल्या काही वर्षांत ‘बुलडोझर’ हा शब्द आपल्या घरातल्या लहान मुलांनाही कळू लागला आहे. कुठे बांधकाम पडले की व्हिडिओ फिरतात, संताप होतो, वकिलाची शोधाशोध सुरू होते, आमदाराच्या ऑफिसात गर्दी जमते. हे साहजिक आहे. पण बुलडोझर येतो तो एका लांब प्रक्रियेच्या शेवटी. तिची सुरुवात बऱ्याचदा दहा-पंधरा वर्षे आधी झालेली असते, महापालिकेच्या नगररचना विभागात, एका रंगीत नकाशावर. तिथे पिवळा रंग म्हणजे राहण्याची वस्ती, हिरवा म्हणजे शेती किंवा मोकळी जागा, जांभळा म्हणजे उद्योग. आपला मोहल्ला त्यात कोणत्या रंगात आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

हा अग्रलेख त्या नकाशाविषयी आणि त्याविरुद्ध दाद मागण्याच्या सोयीविषयी आहे. विषय रुक्ष आहे, हे आधीच कबूल करतो. पण शाळा, खेळाचे मैदान, दवाखाना, मशिदीकडे जाणारा रस्ता आणि शेवटी कब्रस्तान, हे सारे त्या रुक्ष कागदांवरच ठरते.

आपल्या राज्यात हे सगळे ज्या कायद्याने चालते तो म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. सरकारी कार्यालयांत त्याला ‘एमआरटीपी’ म्हणतात. तो ११ जानेवारी १९६७ पासून लागू झाला. त्याआधी १९५४ चा मुंबई नगररचना कायदा होता आणि त्याच्याही आधी १९१५ चा, जो या विषयावरचा देशातला पहिला कायदा होता. साठ वर्षांत एमआरटीपीमध्ये असंख्य दुरुस्त्या झाल्या, तरी सांगाडा तोच राहिला. नियोजन प्राधिकरण, म्हणजे बहुतेक ठिकाणी महापालिका किंवा नगरपरिषद, आधी अस्तित्वातील जमीन वापराचा नकाशा करते. त्यावरून प्रारूप विकास आराखडा तयार होतो. कलम २६ नुसार त्याची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत येते आणि ठरावीक दिवसांत हरकती व सूचना मागवल्या जातात. त्या ऐकण्यासाठी कलम २८ खाली नियोजन समिती बसते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. समितीच्या अहवालानंतर बदल होतात, आराखडा मंत्रालयात जातो आणि कलम ३१ खाली राज्य शासन त्याला मंजुरी देते. असा आराखडा किमान वीस वर्षांतून एकदा सुधारायचा असतो. याचा साधा अर्थ असा की आज अठरा वर्षांच्या असलेल्या मुलीची या वेळची हरकतीची मुदत हुकली, तर पुढची संधी तिला कदाचित अडतिसाव्या वर्षी मिळेल.

आराखडा मंजूर झाला की त्याच्या चौकटीत एकेका बांधकामाला परवानगी मिळते किंवा नाकारली जाते. इथे कलम ४७ येते, आणि आमच्या मते या कायद्यातली सर्वांत मोठी उणीव इथेच आहे. हे कलम सांगते की परवानगी नाकारली गेली किंवा जाचक अटींवर दिली गेली, तर ‘अर्जदार’ चाळीस दिवसांत राज्य शासनाकडे, किंवा शासनाने नेमलेल्या, उपसचिवापेक्षा कमी दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याकडे अपील करू शकतो. यातले दोन शब्द नीट वाचा: ‘अर्जदार’ आणि ‘शासन’.

अर्जदार म्हणजे ज्याला बांधायचे आहे तो. ज्याच्या खिडकीसमोर बांधले जाणार आहे, ज्याच्या गल्लीतला रस्ता अडणार आहे, ज्याच्या मुलांचे मैदान जाणार आहे, त्याला या कलमात अपिलाचा हक्कच नाही. बिल्डरला परवानगी नाकारली तर बिल्डरला अपील आहे. बिल्डरला परवानगी दिली तर शेजाऱ्याला काही नाही. भरीस भर म्हणून कलम १४९ सांगते की या कायद्याखालचे आदेश अंतिम आहेत आणि त्यांना दिवाणी दाव्यात आव्हान देता येणार नाही. म्हणजे शेजाऱ्यापुढे एकच दरवाजा उरतो, उच्च न्यायालयातली रिट याचिका. मालेगावच्या यंत्रमाग कामगाराने किंवा मुंब्य्रातल्या रिक्षावाल्याने हायकोर्टात वकील उभा करायचा तर खर्च किती येतो, हे ज्याने एकदा विचारून पाहिले आहे त्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरा शब्द ‘शासन’. अपील ऐकणारे शासन, आराखडा मंजूर करणारेही शासनच, आराखड्यात फेरबदल करणारे आणि महापालिकेला कलम १५४ खाली निर्देश देणारेही तेच. ज्या खात्याच्या सहीने नकाशा पक्का झाला, त्याच खात्यापुढे जाऊन नकाशा चुकला असे सांगायचे. एखादा अधिकारी किंवा मंत्री प्रामाणिक असेलही. पण व्यवस्था कुणाच्या प्रामाणिकपणाच्या भरवशावर उभी करायची नसते.

इथे थोडे विषयांतर करतो. आपल्या फिक्हच्या परंपरेत बांधकामाच्या वादांत शेजारी मध्यभागी आहे. स्वतःचा हक्क बजावतानाही दुसऱ्याला इजा होऊ नये, हा हदीसवर आधारलेला मूलभूत नियम भिंत, खिडकी, गटार, गल्ली यांच्या हजारो तंट्यांना लावला गेला. चौदाव्या शतकात ट्युनिसमध्ये इब्न अल्-रामी नावाच्या एका गवंड्याने, जो काझीच्या वतीने अशा तंट्यांची जागेवर जाऊन पाहणी करायचा, याच विषयावर एक आख्खा ग्रंथ लिहिला. हनफी मजहबमध्ये शेजाऱ्याला शुफाचा, म्हणजे शेजारची जमीन विकली जात असताना ती आधी घेण्याचा, हक्क आहे. हे सांगण्यामागे जुन्या काळाचे गुणगान करण्याचा हेतू नाही. तेव्हाच्या शहरांतही दुर्बलांवर अन्याय होतच असत. मुद्दा एवढाच की बांधकामाचा प्रश्न मालक आणि सरकार या दोघांपुरता नसतो, तिथे तिसरा माणूस असतो, हे आपल्याला कुणी परदेशातून येऊन शिकवायला नको.

हा तिसरा माणूस कायद्यात कसा गायब होतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण कलम १२७ आहे. आराखड्यात एखादी खासगी जमीन शाळेसाठी किंवा मैदानासाठी आरक्षित होते. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत महापालिकेने ती घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द होते. मालकाच्या बाजूने पाहिले तर हे योग्यच आहे. जमीन कायमची अडकवून ठेवणे हा अन्याय आहे आणि सर्वोच्च न्यायालयानेही हे वेळोवेळी सांगितले आहे. पण ज्या दाट वस्तीत तेच एक मैदान होणार होते, तिथल्या मुलांना या नोटिशीची खबरही नसते. नोटीस मालक देतो, ती महापालिकेच्या फायलीत पडून राहते, मुदत संपते. कोणी मुद्दाम फाईल दाबली का, की पैसेच नव्हते, हे विचारण्याचा हक्क त्या वस्तीला कुठल्याही अपिलात नाही. आपल्या मोहल्ल्यांत सार्वजनिक सोयी कमी आहेत, हे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले होते. त्या कमी का राहतात, याचे एक उत्तर अशा न घेतलेल्या आरक्षणांत सापडेल. आपल्या वॉर्डातली किती आरक्षणे अशी हातची गेली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. दहा रुपयांचा अर्ज आहे.

कब्रस्तानाचे पाहा. गोवंडी आणि आसपासचा मुंबईचा एम-पूर्व विभाग मानव विकासाच्या मोजणीत शहरात तळाशी होता, हे महापालिकेच्याच २००९ च्या अहवालात आहे. १९२७ पासूनची देवनारची कचराभूमी याच विभागात आहे. तिथल्या रहिवाशांना दफनासाठी जमीन मिळावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. देवनारच्या कब्रस्तानात जागा उरली नव्हती. चर्चा झाली ती जागांपैकी एक कचराभूमीजवळच्या रफीक नगरची, दुसरी आणिक गावातली, तेल शुद्धीकरण कारखान्याला लागून. २०२४ मध्ये अखेर न्यायालयाने उद्वेगाने विचारले की मृतांना दफनासाठी मंगळावर न्यायचे का? न्यायालयाने कान उपटले याबद्दल आभार. पण वस्ती किती वाढणार, किती माणसे जगणार आणि किती मरणार, हे मोजून जागा ठेवणे हेच तर विकास आराखड्याचे काम आहे. ते काम नकाशावर झाले असते तर मय्यत घेऊन कोर्टाची पायरी चढायची वेळ आली नसती.

आता बुलडोझरकडे वळू. अनधिकृत बांधकामावर कारवाई करण्याचा अधिकार कलम ५३ देते. विनापरवानगी बांधकामासाठी पूर्वी किमान एक महिन्याची नोटीस द्यावी लागत असे. दुरुस्तीनंतर ती २४ तासांवर आली. याच कलमात असेही म्हटले आहे की नोटिशीच्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्याची परवानगी मागता येते. चोवीस तासांत आर्किटेक्ट गाठायचा, नकाशा काढून घ्यायचा, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणायचे आणि अर्ज दाखल करायचा! हक्क कागदावर ठेवायचा पण तो वापरता येणार नाही अशी सोय करायची, याचा हा नमुना आहे.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने या मनमानीला लगाम घातला. किमान १५ दिवसांची कारणे दाखवा नोटीस, ती रजिस्टर पोस्टाने आणि बांधकामावर चिकटवून, जिल्हाधिकाऱ्यांना ई-मेलने कळवून, म्हणजे मागची तारीख टाकता येऊ नये. व्यक्तिशः सुनावणी. कारणे देणारा आदेश. आदेशानंतर आणखी १५ दिवस. पाडकामाचे चित्रीकरण. उल्लंघन झाल्यास अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. हे प्रत्येकाने पाठ करावे असे आहे. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी-तलावाची जागा अशा सार्वजनिक ठिकाणच्या अतिक्रमणांना आणि न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या पाडकामांना हे संरक्षण नाही, हेही तितकेच पाठ करावे. आपल्यातले कितीतरी हातगाडीवाले, गॅरेजवाले, भंगारवाले याच अपवादात मोडतात.

या निकालाला चार महिने झाले होते तेव्हा, मार्च २०२५ मध्ये, नागपुरात हिंसाचारानंतर एका आरोपीचे घर पाडले गेले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची स्थगिती त्याच दिवशी आली, पण तोवर घर जमीनदोस्त झाले होते. पुढे महापालिका आयुक्तांनी शपथपत्रावर माफी मागितली. सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश संबंधित विभागांपर्यंत पोहोचलेच नव्हते, असे कारण दिले गेले. ते खरे मानले तरी त्यातून एकच निष्कर्ष निघतो: न्यायालयाचा निकाल कायद्याच्या मजकुरात आला पाहिजे. वॉर्ड ऑफिसातला कनिष्ठ अभियंता निकालपत्रे वाचत नाही, तो कलम वाचतो आणि छापील फॉर्म भरतो. कलम ५३ मध्येच १५ दिवस आणि सुनावणी लिहिली, तर ‘आम्हाला माहीत नव्हते’ म्हणायला जागा राहणार नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल की हे सगळे बेकायदा बांधकामांना पांघरूण घालण्यासाठी चालले आहे. तसे नाही, आणि हे आपल्याच लोकांना ठणकावून सांगायला हवे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्य्राजवळ शिळफाट्याला विनापरवानगी बांधलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. त्यात मजूर होते, त्यांची लहान लेकरे होती. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीत झोपेतली कुटुंबे ढिगाऱ्याखाली गाडली गेली. अशा इमारती उभ्या करणारे, त्यात फ्लॅट विकणारे आणि त्यासाठी जमातीचे नाव वापरणारे कोण असतात, हे आपल्याला माहीत आहे. बिल्डर मशिदीला देणगी देतो म्हणून त्याच्या खांबातली सळई कमी आहे हे न बोलणे, हा त्या मृत्यूंतला आपला वाटा आहे.

तरीही एक प्रश्न उरतो. गरीब माणूस विनापरवाना घरात का जातो? कारण परवान्याच्या जागेत त्याला परवडत नाही, आणि आपल्या बाबतीत कित्येकदा भाड्याने किंवा विकतही मिळत नाही. मग तो शहराच्या कडेला, शेतजमिनीच्या गुंठ्या-गुंठ्याच्या तुकड्यावर, साध्या स्टॅम्पपेपरवर घर घेतो. पुढे तीस वर्षे त्या वस्तीला ‘गुंठेवारी’ म्हणतात. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामे नियमित करण्याची वाट दिली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. नियमित केल्याने कागद मिळतो. रस्ता रुंद होत नाही, शाळेला जागा सापडत नाही. आराखडा वस्तीच्या आधी पोहोचला असता तरच ते शक्य होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या कुदळवाडीत भंगाराची गोदामे आणि छोट्या कारखान्यांची शेड मोठ्या प्रमाणावर पाडली गेली. तिथे जमीन एकाची, शेड दुसऱ्याचे आणि पोट तिसऱ्याचे होते. त्या तिसऱ्याला हरकतीच्या वेळी कोणी विचारले असेल, असे वाटत नाही.

मंजूर आराखड्यातही नंतर फेरबदल होतात. कलम ३७ खाली ‘किरकोळ फेरबदल’ करून जमिनीचा वापर बदलता येतो. अट अशी की आराखड्याचे मूळ स्वरूप बदलू नये. पण असे एकेक फेरबदल वर्षानुवर्षे होत राहिले की मूळ स्वरूप म्हणजे काय, हेच सांगता येत नाही. याबाबत शेजारच्या गोव्यातले उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिथल्या नगर व ग्रामरचना कायद्यात २०२३ मध्ये कलम १७(२) घालून प्रादेशिक आराखड्यातल्या ‘चुका’ दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका मालकाच्या अर्जावर जमिनीचा झोन बदलण्याची वाट उघडली गेली. गोवा फाउंडेशन आणि इतरांनी आव्हान दिले, आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. तिथे लढायला कायदा जाणणारी, वर्षानुवर्षे नकाशे वाचणारी माणसे होती.

मग काय बदलायला हवे? आमची मुख्य मागणी एक स्वतंत्र नगररचना अपील न्यायाधिकरण ही आहे. प्रत्येक महसुली विभागात एक, न्यायाधीश आणि नगररचनाकार असे दोघे त्यावर, आणि नगरविकास खात्याच्या आदेशाखाली नसलेले. हे काही अघटित नाही. दिल्लीत महापालिकेच्या पाडकाम आणि सीलिंगच्या आदेशांविरुद्ध अपिले ऐकण्यासाठी जिल्हा किंवा अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या व्यक्तीचे न्यायाधिकरण आहेच. नाशिक विभागाचे न्यायाधिकरण नाशिकला बसले तर मालेगावच्या माणसाला मंत्रालयाचे हेलपाटे पडणार नाहीत.

त्या न्यायाधिकरणाकडे जाण्याचा हक्क अर्जदाराइतकाच ज्याने मुदतीत लेखी हरकत नोंदवली त्यालाही हवा. आयर्लंडमध्ये ही पद्धत अनेक दशके चालू आहे. तिथे बांधकामाच्या अर्जावर कोणीही नागरिक २० युरो भरून लेखी म्हणणे मांडू शकतो आणि ज्याने ते मांडले तो पुढे परवानगीविरुद्ध स्वतंत्र मंडळाकडे अपीलही करू शकतो, जमीन त्याची असो वा नसो. इंग्लंडमध्ये मात्र आपल्यासारखेच अपील फक्त अर्जदाराला आहे.

या मागणीवर आपल्याच काही मित्रांनी घेतलेला आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. ते म्हणतात, शेजाऱ्याला अपिलाचा हक्क दिला तर तो सर्वांत आधी आपल्याविरुद्ध वापरला जाईल. मशिदीची परवानगी असो, मदरशाची इमारत असो की मुस्लिम कुटुंबांची गृहनिर्माण संस्था, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी अपील ठोकेल. आयर्लंडमध्येही अशा अपिलांमुळे घरांचे प्रकल्प रखडतात अशी तक्रार आहेच. भीती खोटी नाही. पण आज काय होते ते पाहा. विरोध करणाऱ्यांना अपिलाची गरजच पडत नाही. मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते, एक फोन जातो आणि फाईल थांबते. कारण लेखी मिळत नाही, त्यामुळे त्याला आव्हानही देता येत नाही. न्यायाधिकरणापुढे विरोधकाला नियोजनाचे कारण सांगावे लागेल: पार्किंग किती, रस्ता किती रुंद, उंची किती. ‘आम्हाला हे लोक शेजारी नकोत’ हे कारण तिथे टिकणार नाही आणि ते कागदावर आले तर पुढे राज्यघटनेच्या कलम १४ आणि १५ च्या आधारे आपल्याच उपयोगी पडेल. अपिलाला कडक मुदत हवी, निकालालाही हवी, आणि निव्वळ अडवणुकीसाठी केलेल्या अपिलावर खर्च बसवण्याचा अधिकार हवा. उघड्यावर, कारणांसह लढावे लागेल अशी व्यवस्था नेहमी दुर्बलाच्या जास्त कामाची असते, असे आमचे मत आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांनी जरूर लिहावे.

हरकतींच्या टप्प्यावरही सुधारणा लागतील. सूचना राजपत्रात छापणे म्हणजे लोकांना कळवणे नव्हे. नकाशा वॉर्ड ऑफिसात, वाचनालयात, मोठ्या आकारात लागला पाहिजे, आणि भिवंडी-मालेगावसारख्या शहरांत त्याची माहिती उर्दूतही मिळाली पाहिजे. प्रत्येक हरकतीला कारणांसह लेखी उत्तर मिळाले पाहिजे. सुनावणी घेणाऱ्या समितीत लोकप्रतिनिधी असले पाहिजेत. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची काही वर्षे तिथे प्रशासकच होते. निवडून आलेली स्थायी समितीच नसते तेव्हा कलम २८ मधल्या तीन सदस्यांच्या जागांना काय अर्थ उरतो?

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर आहे त्या कायद्यात बरेच करता येते, याचा पुरावा मुंबईतच आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात ढोबळ चुका सापडल्या. उभ्या वस्त्यांतून रस्ते काढलेले, वारसा वास्तू आणि प्रार्थनास्थळे नीट न दाखवलेली. हरकतींचा पाऊस पडला. एप्रिलमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो आराखडा मागे घेऊन दुरुस्त करण्याचा आदेश दिला. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला आणि २०१८ मध्ये मंजूर झाला. त्यामागे ‘हमारा शहर मुंबई अभियान’सारख्या गटांची काही वर्षांची मेहनत होती. वस्त्यावस्त्यांत जाऊन नकाशे वाचून दाखवणे, हरकती लिहून घेणे हे काम त्यांनी केले होते.

आपल्या मशिदींच्या ट्रस्टकडे, जमातींकडे, तरुण मंडळांकडे हे काम करण्याइतकी माणसे आहेत. इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला असलेली मुले-मुली प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. सुरुवात छोट्या गोष्टीने करता येईल. आपल्या मशिदीचा, कब्रस्तानाचा, ईदगाहचा आणि शाळेचा सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर काढा. नगररचना विभागात अर्ज करून त्या नंबरचा झोन दाखला आणि आराखड्याचा भाग नकाशा घ्या. ठरावीक शुल्क भरले की मिळतो. त्यावर कब्रस्तान कब्रस्तान म्हणून दाखवले आहे की नाही, त्यावरून प्रस्तावित रस्ता जातो का, आजूबाजूला कोणते आरक्षण आहे आणि ते किती जुने, एवढे तपासा. वक्फची मालमत्ता असेल तर तिची नोंद त्या नकाशाशी जुळते का, हेही पाहा. तुमच्या शहराचा आराखडा कधी मंजूर झाला आणि सुधारित आराखड्याचा इरादा जाहीर झाला आहे का, हे त्याच खिडकीवर विचारा. इरादा जाहीर झाला असेल तर अस्तित्वातील जमीन वापराचा सर्वेक्षण नकाशा तयार होत असतानाच लेखी कळवा, कारण त्या नकाशात जे दिसत नाही ते पुढच्या नकाशात मोकळी जागा समजले जाते.